‘दिसलास’ असे सांगणारा दिवा

रात्री हातात बॅटरी घ्यायची ती आपल्याला दिसावे म्हणून, ही समजूत अर्धीच खरी आहे. संरक्षणासाठी बाळगलेल्या दिव्याचा इतिहास चाळला, तर त्याचे मोठे काम समोरच्याला ‘तू दिसलास’ हे कळवण्याचे ठरते. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये रात्री घरी परतणारा माणूस चार पैसे टाकून मशालजी पोरगा सोबत घेई. पोराच्या हातात डांबरात भिजवलेला पलिता असे. बर्कली स्क्वेअरमधल्या काही जुन्या घरांच्या दारांशी आजही लोखंडी शंकू आढळतात; घर आले की पलिता त्यात खुपसून विझवायचा. त्या उजेडात खाचखळगे दिसत हे खरेच, पण चोरट्याला धास्ती असे ती आपला चेहरा कुणी ओळखेल याची. कवी जॉन गे याने मात्र १७१६ सालच्या ‘ट्रिव्हिया’त वाटसरूंना बजावले आहे, की हाच पोरगा अर्ध्या वाटेत पलिता विझवून लुटारूंना सामील होतो. मग दिव्याने संरक्षण कसले, असे कुणी विचारील. पण दगा देण्याआधी त्यालाही दिवाच विझवावा लागे, हे विसरू नये.

दिवा परक्याच्या हाती असण्याची ही अडचण खऱ्या अर्थाने सुटायला १८९९ साल उजाडले. त्या जानेवारीत डेव्हिड मिझेल याला अमेरिकेत पेटंट मिळाले: कागदी नळीत एकामागे एक तीन सेल, टोकाला बल्ब आणि पितळी परावर्तक. न्यूयॉर्कच्या पोलिसांना काही नग वापरायला दिले गेले. सेल अशक्त, बल्बची तार कार्बनची. सलग उजेड मिळेना, क्षणभर लावून सेलना दम खाऊ द्यावा लागे. गस्तीवरल्या शिपायाला पुष्कळदा तेवढाही पुरतो. आता दिवा लावणाऱ्यावरच नेम धरता येतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एफबीआयच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत टॉर्च हात लांब करून अंगापासून दूर धरतात. उजेडावर झाडलेली गोळी बाजूने जावी, हा हिशेब.

आपण पाहावे पण दिसू नये, यासाठी रात्री पाहण्याच्या दुर्बिणीकडे बोट दाखवले जाते. ती आली युद्धातून. १९४५ मध्ये ओकिनावात अमेरिकी सैनिकांनी कार्बाइनवर बसवलेली अवरक्त दुर्बीण वापरली. दिवा बंदुकीवर, बॅटरी पिशवीत, पल्ला जेमतेम साठ-सत्तर मीटर. दबा धरणाऱ्याला ती उत्तम. घर राखणाऱ्याला मात्र आधी ठरवायचे असते, की जिन्यात उभा आहे तो चोर की उशिरा आलेला मुलगा. आणि चोर असलाच तर तो मारामारीविना पळालेला बरा. आपण दिसलो याचा ज्याला पत्ताच नाही, तो पळेल कशाला? शिवाय व्हिएतनाम युद्धात वापरलेली, चांदण्याचा उजेड वाढवणारी दुर्बीण उघड्यावर चालते. बंद खोलीत वाढवायला उजेडच नसतो. तिथे तिलाही अवरक्त दिव्याची जोड द्यावी लागते, आणि तशीच दुर्बीण बाळगणाऱ्याला तो दिवा टॉर्चइतकाच लख्ख दिसतो.