मर्यादेचे मोल

चाळीस हात दोरीने जमिनीचा मोठ्यांत मोठा आयताकार तुकडा वेढावयाचा, असा प्रश्न घातला तर शाळकरी मुलगाही उत्तर देईल: दहा हातांचा चौरस, क्षेत्रफळ शंभर चौरस हात. परंतु दोरी एक हात वाढली तर जमीन किती वाढेल? सुमारे पाच चौरस हात. हा ‘पाच’ कोठून येतो, हे उकलण्याची रीत ज्याने दिली, त्या जोसेफ लुई लाग्रांजचे स्मरण आम्हां कारकुनी पेशातील मंडळींनी विशेष ठेवावे. ठराविक मंजुरीत काम भागविणे हा तर आमचा नित्याचा उद्योग!

लाग्रांज १७३६ साली तुरीन येथे जन्मला. १७५५ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने बर्लिनला ऑयलरकडे पत्र धाडून महत्तम-लघुतमाचे प्रश्न भूमितीवाचून सोडविण्याची युक्ती कळविली. ऑयलरचेही त्याच विषयावर लेखन चालू होते. ते त्याने मागे ठेवले व त्या तरुणास श्रेय मिळू दिले. असा वरिष्ठ लाभणे हा नशिबाचा भाग, असे आम्हांस वाटते. पुढे १७८८ च्या यंत्रशास्त्रावरील ग्रंथात लाग्रांजने प्रत्येक बंधनास एक अज्ञात गुणक जोडला, आणि १७९७ मध्ये तीच रीत महत्तम-लघुतमाच्या सर्वसाधारण प्रश्नांस लावली. बंधन गुणकासह समीकरणात घ्यावयाचे आणि मग जणू ते नाहीच असे मानून चालावयाचे. वरील ‘पाच’ म्हणजे तो गुणकच होय.

मात्र लाग्रांजचे बंधन बरोबरीचे. व्यवहारात मंजुरी ‘इतकीच’ नसते, ‘इतक्याहून अधिक नाही’ अशी असते. रक्कम शिल्लक उरत असेल तर जादा रुपयाचे मोल शून्य. ती पुरी खर्ची पडत असेल तरच गुणकास किंमत. (मार्चअखेरीस आमच्या कचेऱ्यांत हे सत्य कोणी मानीत नाही, ही गोष्ट वेगळी.) हा नियम १९५१ साली प्रिन्स्टनच्या कून आणि टकर यांच्या नावे प्रसिद्ध झाला. वस्तुतः विल्यम कारुश या विद्यार्थ्याने तो १९३९ मध्येच शिकागो विद्यापीठास आपल्या एम्. एस्सी. च्या प्रबंधात सादर केला होता. प्रबंध छापला गेला नाही. तो तसाच पडून राहिला. तीन तपांनंतर कूनला त्याचा पत्ता लागला, तेव्हा त्याने स्वतः कारुशला पत्र लिहिले आणि त्याचा अग्रमान जाहीरपणे मान्य केला. आज तो नियम तिघांच्याही नावे ओळखला जातो, आणि त्यांत कारुशचे नाव पहिले घेतात.