तोंड येणे आणि मुंबईतील एक शोध

तोंड आले की आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो, जाईचा पाला चघळतो, तूप लावतो. त्याने आग शमते; पण वरचेवर तोंड येण्याचे मूळ कधी कधी रक्तात असते. १९२८ साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. १९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढले गेले. यीस्टमधला गुण त्याचाच. ते, लोह किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर तोंडही येते. तेव्हा भगिनींनो, सर्वांना वाढून उरेल त्यावर भागवू नका. पालेभाजी, उसळ, दूध आपल्याही ताटात असू द्या. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा.