मुंबई ते लंडन : मैल आणि तास

मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. बोटीला दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला उतरले. त्यात प्रवासी होते अवघे ३५! बाकीचे बोटीनेच जात. विमानाचं तिकीट परवडायला नको का? १९६० मध्ये बोइंग ७०७ आले. आता विमान वाटेत न थांबता नऊ-दहा तासांत पोहोचते.

पण तास मुंबईपासूनच का मोजायचे? आपल्या कऱ्हाटीतला मुलगा विलायतेस निघाला, की इंदापूरचा असल्यास भिगवण स्टेशन गाठी. बारामतीचा असल्यास १९१४ साली सुरू झालेल्या अरुंद रुळांच्या गाडीने दौंडला जाई. निरोप स्टेशनावरच व्हायचा. विमानाने पुढचे आठवडे वाचवले. दौंडची ती गाडी मात्र नंतरही कित्येक वर्षे तशीच डुलत चालली होती.