होक्काइडो : बर्फ, बंदूक आणि हरीण

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या ऐनू लोकांचा हिवाळा हरणांच्या आधाराने निघत असे. मांस पोटाला, कातडी कपड्यांना आणि बुटांना. थंडी वाढली की सिका हरणांचे कळप कमी बर्फाच्या जंगलांत गोळा होत. खोल बर्फात त्यांचे पाय रुतत, पळ खुंटे. लाकूड वाकवून केलेले बर्फजोडे घातलेले शिकारी कुत्र्यांसह माग काढीत. बाणाच्या टोकाला बचनागाच्या कुळातल्या वनस्पतीचे विष असे.

मग राज्यकर्ते बदलले.

१८६९ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने बेटाचा कारभार हाती घेतला आणि १८७६ मध्ये विषारी बाणांवर बंदी घातली. दुसरीकडे बंदूकधारी जपानी शिकारी मोठ्या संख्येने येत होते. कातडी आणि शिंगांचा व्यापार फोफावला. १८७८ मध्ये चितोसेजवळ बिबी इथे हरणाचे मांस डबाबंद करणारा सरकारी कारखानाही निघाला.

१८७९ च्या हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडला. चारा गाडला गेला, हरणे भुकेने मेली. बर्फात अडकलेली सहज मारली गेली. ऐनू वस्त्यांवर उपासमार आली. कारखानाही पुढे बंद पडला. १८८९ मध्ये हरणांच्या शिकारीवर बंदी आली.

आज तिथे हरणे पुन्हा लाखोंच्या संख्येत आहेत. पिकांचे नुकसान रोखण्यासाठी हिवाळी शिकार चालते. ऐनूंना मूळ रहिवासी म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती मात्र २०१९ मध्ये. १८७९ च्या त्या उपासमारीचा दोष एकट्या बर्फाला देणे अन्यायाचे आहे. ऐनूंच्या हातातला विषारी बाण सरकारने त्याआधीच काढून घेतला होता.