तारेची किंमत आणि कानाची साक्ष : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नशिराबाद-भुसावळ परिसरातील शेतकरी विहिरीवर पंप बसविताना केबल निवडतो ती दोन गोष्टी पाहून : मोटार किती अश्वशक्तीची आहे आणि वीजजोडणीपासून विहीर किती लांब आहे. अंतर मोठे आणि तार बारीक असेल, तर मोटारीपर्यंत पुरेसा विद्युत्दाब पोहोचत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याच तांब्याच्या तारेविषयी शहरातील हौशी संगीतप्रेमींच्या वर्तुळात मात्र निराळी भाषा ऐकू येते. स्पीकरला जोडलेल्या महागड्या तारेमुळे स्वर अधिक मोकळा, अधिक गोड होतो, असे तेथे सांगितले जाते. या दाव्यात तथ्य किती, याचा तारेच्या इतिहासाच्या आधारे शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तारायंत्राचा काळ

भारतात तारेच्या जाडीचा प्रश्न प्रथम पुढे आला तो तारायंत्राच्या निमित्ताने. विल्यम ओशॉनेसी यांनी १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक वाहिनी उभारताना तारेऐवजी लोखंडी सळईच वापरली. येथील हवामानात व प्रवासवर्दळीत वाहिनी टिकावी, हा त्यामागील एक प्रमुख विचार होता. समुद्राखालील तारेचा प्रश्न याहून बिकट होता. लांब सागरी तारेत संदेश पसरट होत जातो व हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे विल्यम थॉमसन यांनी १८५० च्या दशकात गणिताने दाखविले. १८५८ ची अटलांटिक तार काही आठवड्यांतच निकामी झाली. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबईपर्यंत सागरी तार पोहोचली, तोवर तारेची रचना हे एक स्वतंत्र शास्त्र बनले होते. पुढे ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी ते सिद्धान्तरूपाने परिपूर्ण केले. येथे तारेचा दर्जा खरोखरच निर्णायक होता. कारण अंतर हजारो किलोमीटरचे होते.

सभामंडपातील तार

विसाव्या शतकात हा प्रश्न सभामंडपात आला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. अशा विराट सभांच्या युगात वक्त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेणे ही राजकीय गरज बनली. काँग्रेसच्या अनेक अधिवेशनांना ही यंत्रणा पुरविण्याचे कार्य नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'ने केले. लांबच लांब तारेची अडचण येथे हिशेबानेच समजते. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १०० मीटर नेली, तर जाण्यायेण्याचा एकूण रोध सुमारे ७ ओहम होतो. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर जवळजवळ निम्मी शक्ती तारेतच खर्ची पडते. यावर तंत्रज्ञांनी काढलेला उपाय महागड्या तारेचा नव्हता. ट्रान्सफॉर्मरने दाब १०० व्होल्टपर्यंत चढवून प्रवाह कमी करावयाचा व स्पीकरपाशी तो पुन्हा उतरवावयाचा, ही ती पद्धती होय. तिच्यात ३० वॅटच्या एका स्पीकरपुरती तीच तार केवळ २ टक्के शक्ती खाते.

दिवाणखान्यातील तार

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांच्या 'मॉन्स्टर केबल'सारख्या उत्पादनांनी स्पीकरच्या तारेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. सागरी तारेच्या शास्त्रातील परिभाषा आता पाच मीटरच्या तारेला लावण्यात येऊ लागली. वस्तुतः २.५ चौरस मिलिमीटरची साधी तार ५ मीटर अंतरासाठी वापरल्यास एकूण रोध ०.०७ ओहम व ८ ओहमच्या स्पीकरवर आवाजातील घट ०.०८ डेसिबलहूनही कमी होते. म्हणजे रोध अगदी शून्यावर आणला, तरी वाचणारी घट यापेक्षा अधिक असू शकत नाही. आणि अनुकूल परिस्थितीतही कानाला जाणवणारा किमान फरक याच्या काही पट मोठा असतो.

१९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशा तारांच्या श्रवणचाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोणती तार जोडली आहे, हे श्रोत्यांना सांगितलेले नव्हते. फार बारीक तार काही चाचण्यांत ओळखू आली. परंतु संगीत ऐकताना साधी जाड तार व महागडी तार यांतील भेद खात्रीने सांगता आला नाही. तार कधीच महत्त्वाची नसते, असा याचा अर्थ नव्हे. मायक्रोफोनच्या लांब तारेला योग्य आवरण नसेल तर घुमघुम येते, सैल जोडणीने खरखर होते. मात्र हे दोष मोजता येतात आणि माफक खर्चात दूरही करता येतात.

निष्कर्ष

फरक ऐकू येतो असे सांगणारा श्रोता खोटे बोलत असतो, असे मानण्याचे कारण नाही. किंमत ठाऊक असली की अपेक्षा ऐकण्यात मिसळते. आवाज किंचित मोठा असला, तरी तो अधिक चांगला वाटतो. साक्ष प्रामाणिक असणे आणि ती यथार्थ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. आपण उत्तरपत्रिकेवरील आसनक्रमांक झाकतो, तो परीक्षकावर अविश्वास म्हणून नव्हे, तर परीक्षकही माणूस आहे म्हणून. महाविद्यालयाच्या सभागृहासाठी ध्वनियंत्रणेची खरेदी करताना हीच कसोटी लावली पाहिजे. कारण तो पैसा अखेर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून व जनतेच्या करातून आलेला असतो. तारेचे अंतर मोजावे, जाडी ठरवावी आणि उरलेली रक्कम चांगल्या स्पीकरवर व सभागृहातील प्रतिध्वनी आवरण्यावर खर्च करावी. विहिरीवरची केबल निवडणारा शेतकरी नेमके हेच करीत आला आहे.