असरोलची मुळी आणि वेडावरची गोळी

कऱ्हाटीत, बारामती-इंदापूरच्या बाजूला, कुणाचं डोकं फिरलं की दोन सल्ले मिळतात. कुणी म्हणतं येरवड्याला न्या, कुणी म्हणतं दर्ग्यावर न्या. गोळ्या सुरू झाल्याच तर तिसरा सल्ला येतो, ‘ही इंग्रजी औषधं, माणूस सुस्त होतो, बंद करा.’ पण या औषधांच्या इतिहासाचा एक धागा आपल्याच हकिमांच्या कपाटात सापडतो.

सर्पगंधा नावाची वनस्पती आहे. युनानी हकीम तिला असरोल म्हणत. बिहारच्या बाजारात तिची मुळी ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जाई. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांचा आग्रह होता की जुनी औषधं प्रयोगशाळेत तपासली जावीत. जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ साली या मुळीतून काही द्रव्यं वेगळी केली आणि एकाला हकीमसाहेबांच्या आठवणीत ‘अजमलीन’ नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी रक्तदाब उतरवते आणि वेडाचा भर शांत करते.

पुढचं पाऊल मुंबईत पडलं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव छापले आणि जगाचं लक्ष वेधलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसरपिन काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचा अहवाल मांडला. दरम्यान पॅरिसमध्ये १९५२ सालीच क्लोरप्रोमाझिन आलं होतं.

दोन्ही औषधांचं काम मेंदूतल्या डोपामिनशी जोडलेलं आहे. रेसरपिन त्याचा साठा रिकामा करतं, तर क्लोरप्रोमाझिन त्याची वाट अडवतं. त्यामुळे भास, संशय, आरडाओरडा कमी होतो. मात्र डोपामिन हालचालींनाही लागतं, म्हणून हात थरथरणं, अंग ताठरणं, बेचैनी हे त्रास होतात. रेसरपिनने उदासीही येई, म्हणून ते मागे पडलं. नव्या गोळ्यांत ताठरपणा कमी असतो, पण काहींनी वजन आणि साखर वाढते. क्लोझापिन घेणाऱ्याला नियमित रक्त तपासावं लागतं.

म्हणजे सुस्तीची तक्रार खोटी नाही. पण त्यावरचा उपाय डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा गोळी बदलणं हा आहे. परस्पर बंद केली तर आजार पुन्हा उसळू शकतो.

औषध नाकारून माणसाला साखळीत ठेवण्याची किंमत आपण पाहिली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली. रुग्ण साखळीने बांधलेले होते. २८ जण मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी घातली आहे.

दुआ करायला कुणाची मनाई नाही. आपले हकीम मात्र दुआवर थांबले नाहीत. त्यांनी मुळी कुटली आणि ती तपासायला प्रयोगशाळाही उभारली. इंदापूरच्या चाँदशाहवली बाबांच्या दर्ग्यावर जुम्मेरातीला जाणाऱ्या घरानेही रात्रीची गोळी चुकवू नये. ती परक्यांची नाही. तिच्या इतिहासात आपल्या माणसांचाही वाटा आहे.