तळटीप : ‘बोर्डाचा रस्ता’

* बोर्डाचा रस्ता : हे ‘बोर्ड’ म्हणजे सोलापूर जिल्हा लोकल बोर्ड. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या नि बोर्डे गेली. लोकांच्या तोंडचा शब्द मात्र इतक्या लवकर जायचा नव्हता. सोलापूर शहराचा कारभार वेगळा : तिथे १८५२पासून नगरपालिका, १९६४पासून महानगरपालिका. बाजार समिती हे तिसरेच प्रकरण. तिची निवडणूक निराळी, मतदार निराळे, आणि उत्पन्न घरपट्टीचे नव्हे, तर शेतमालाच्या उलाढालीवरील सेसचे. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिराची समिती तर १९७३च्या खास कायद्याखाली सरकारच नेमते. लेखक पुढे या साऱ्यांना सरसकट ‘कमिटी’ म्हणतात. कोणती कमिटी, हे वाचकाने संदर्भावरून ओळखावे. (संपा.)